रात्रपाळीची सावली

रात्री चिपळूणला कोकणकन्या पकडली की उजाडायच्या आत दादर येतं. तिथून धिमी लोकल, आणि परळ, करी रोड, चिंचपोकळी करत भायखळा. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता. पिशवीत पाण्याची बाटली, एक वही आणि डब्यात घावणे. गिरण्यांच्या चिमण्या गेल्या नि त्या जागी टॉवर आले, यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे; मी खिडकीबाहेर फारसं पाहिलंच नाही. मला राणीच्या बागेत जायचं होतं. उर्वशी फुलली असली तर ती बघायची होती, आणि बाबा ज्या झाडाखाली झोपायचे ते झाड शोधायचं होतं.

चिपळूणजवळ माझी छोटी रोपवाटिका आहे. आंबा-काजूची कलमं हा पोटापाण्याचा धंदा. त्याच्या कडेने सुरंगी, सीता अशोक, बकुळ, कडूकवठ अशी आपल्याकडची झाडं मी आवडीने करते. झाडांचं हे वेड कुठून लागलं असं गिऱ्हाइकं विचारतात. कोकणातली बाई म्हणजे झाडांत वाढलेली असणार, असं त्यांनी धरलेलंच असतं. मी सांगते, लालबागच्या चाळीत लागलं. मग राणीच्या बागेची गोष्ट सांगावी लागते.

आमची खोली दहा बाय बाराची. आजी, आई, बाबा, आम्ही तीन भावंडं आणि गावाहून कामाला आलेला काका, एवढी माणसं तिच्यात. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. पाळी बदलत राहायची, पण आमच्या आठवणीत ठसली ती रात्रपाळी, कारण तिने सगळ्या घराचं घड्याळ उलटं करून टाकलेलं असे. रात्रभर साच्यांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस सकाळी घरी येई तेव्हा खोलीत स्टो पेटलेला, नळाला पाणी आलेलं, आमची शाळेची घाई, बाजूच्या खोलीत रेडिओ. अंग टाकायला जागाच नसे. बाबा चहा घेत, आंघोळ करत, खांद्यावर पंचा टाकत आणि जिना उतरून चालू लागत. थेट राणीची बाग. तिथे एका पर्जन्यवृक्षाखाली पंचा तोंडावर घेऊन ते दुपारपर्यंत झोपत. एकटे नव्हेत. परळ, लालबाग, चिंचपोकळीच्या गिरण्यांतले रात्रपाळीचे कितीतरी कामगार असे त्या बागेत झोप पुरी करायचे. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की आई मला बाबांना उठवायला पाठवायची. तिथे एका रांगेत निजलेल्या माणसांमधून आपला बाप ओळखायचा, तो पायांवरून. कापसाचा बारीक तंतू घोट्याजवळ चिकटलेला असायचा, आंघोळ करूनही न निघालेला.

मुंबईच्या लोकांना राणीची बाग म्हटली की वाघ, सिंह, पाणघोडा आणि हत्तीवरची सफर आठवते. मलाही आठवते. सुट्टीच्या दिवशी आम्ही सगळे जायचो तेव्हा आधी हत्ती, मग माकडं असा क्रम ठरलेला. पण मी त्या बागेत जास्त वेळ काढला तो बाबांच्या उशाशी, ते उठायची वाट बघत. उठवायला पाठवलेलं असलं तरी लगेच उठवायचं जिवावर येई. मग मी खाली पडलेलं गोळा करत बसे. जंगली बदामाची तांबडी, होडीच्या आकाराची फळं, फुटलेली, आत काळ्या चकचकीत बिया. कैलासपतीचं जाड पाकळ्यांचं फूल. पर्जन्यवृक्षाच्या चिकट गराच्या शेंगा. काय कशाचं हे सांगणारं कोणी नव्हतं, तरी कुठल्या झाडाखाली काय मिळतं हे मला पाठ होतं.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. रात्रपाळी संपली, पण बाबा सकाळी बागेत जायचे थांबले नाहीत. आता झोपायला नव्हे. तिथे बाकीचेही यायचे आणि बातमी कळायची. पुढे बातमी यायचीही थांबली. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही सामान बांधून गावाला आलो, तशी कोकणातली, घाटावरची हजारो बिऱ्हाडं आली. बाबा नंतर पुष्कळ वर्षं जगले, शेतात राबले. मुंबईला मात्र परत गेले नाहीत. गिरणीबद्दल ते क्वचित बोलत. बागेबद्दल बोलत.

भायखळ्याला पूर्वेच्या बाजूने बाहेर पडले. या स्टेशनची इमारत मुंबईतल्या सर्वांत जुन्या रेल्वे इमारतींपैकी आहे. तिची जाणकारीने डागडुजी केल्याबद्दल 2022 मध्ये युनेस्कोचा वारसा-जतनाचा पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच आहे असं ती पाहताना वाटतं. बागेपाशी पोचले तेव्हा पर्यटकांसाठी दार उघडायला बराच अवकाश होता. मी कुंपणाच्या भिंतीशी, पदपथाच्या कठड्यावर बसून घावणे खाल्ले. भिंतीवरून बागेतल्या फांद्या बाहेर आल्या आहेत. त्या सावलीत एक टॅक्सीवाला आसन मागे पाडून झोपला होता. खाण्याचे डबे पोचवणारे दोन पोरगे मोटारसायकलीच्या टाकीवर डोकं टेकून झोपले होते, पाठीवरची पेटी तशीच. सुरक्षारक्षकाच्या गणवेशातला एकजण भिंतीला टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून. मी त्यांच्याकडे बघत राहिले. गिरण्या गेल्या, रात्रपाळी कुठे गेली? ती इस्पितळांत आहे, इमारतींच्या दारांवर आहे, गोदामांत आहे. आणि सकाळी झोपायला जागा शोधणारी माणसं अजून याच झाडांखाली येतात, फक्त भिंतीच्या बाहेरच्या अंगाला.

त्याचं कारण तिकीटखिडकीवर कळतं. 2017 पर्यंत मोठ्या माणसाला 5 रुपये आणि लहानाला 2 रुपये लागायचे. त्या वर्षी पेंग्विन लोकांना बघायला खुले झाले आणि तिकीट 50 आणि 25 झालं; आईबाप नि दोन मुलं असं कुटुंब असेल तर मिळून 100. वर्षातून एकदा मुलांना घेऊन येणाऱ्याला हे पैसे जड नाहीत, आणि प्राण्यांची नीट निगा राखायची तर खर्च येतोच, तेही मला मान्य आहे. पण रोज सकाळी तीन-चार तास अंग टाकू पाहणारा माणूस रोज 50 रुपये देणार नाही. माझ्या बाबांनीही दिले नसते. झाडांच्या बागेला आणि प्राण्यांच्या भागाला वेगळं तिकीट करणं इतकं अवघड नसावं. बागेतल्या बागेत दुसरं दार ठेवायचं, एवढंच. मला हे फार मनापासून वाटतं.

कारण मुळात ही झाडांचीच बाग आहे. पश्चिम भारतातल्या शेती आणि बागकामाला उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेची वनस्पती-बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि माझगावच्या माऊंट इस्टेटवर नवी बाग आखली गेली. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीने 19 नोव्हेंबर 1862 ला तिचं उद्घाटन केलं. राणी व्हिक्टोरियाच्या नावाची म्हणून ती राणीची बाग. 1873 मध्ये ती नगरपालिकेकडे आली. प्राणी त्यानंतरचे, 1890 च्या सुमाराचे. आज अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, आणि जवळजवळ 53 एकरांत देशोदेशीची झाडं आहेत.

आत शिरल्यावर पहिली भेट दगडी हत्तीची. घारापुरीच्या बेटाला पोर्तुगीजांनी ज्याच्यावरून एलिफंटा म्हटलं, तो हाच. 1864 मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचं घाटत होतं. उचलताना त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि 1914 मध्ये जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. सांध्यांच्या रेघा अजून दिसतात. लहानपणी त्याच्या पायाशी हात फिरवून आम्ही त्या मोजायचो.

शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. 1872 मध्ये ते लोकांसाठी उघडलं आणि 1975 मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं गेलं. चाळीतल्या पोरांना आत न्यायचं कुणाला सुचत नसे, त्यामुळे आतली कासवाच्या पाठीची नि हस्तिदंताची नाजूक कामं मी आता मोठेपणी पाहिली. छत, खांबांवरची सोनेरी नक्षी, सगळं नव्याने झळाळतंय. पण माझं लक्ष त्या माणसाकडेच होतं. भाऊ दाजी गोव्याच्या मांद्र्याचे. डॉक्टर, संस्कृतचे अभ्यासक, ही बाग आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून झटलेले. कुष्ठरोगावर त्यांनी कडूकवठाच्या बियांचं तेल वापरून पाहिलं होतं. हे झाड आमच्या वहाळाच्या काठाला उगवतं. टेनिसच्या चेंडूएवढी, तपकिरी, खरखरीत फळं. आत दाटीने बिया. आमच्याकडे जुनी माणसं अंगावर खरूज उठली की हेच तेल लावत. मी दरवर्षी त्याची रोपं करते आणि विकली जातात थोडीच. भाऊ दाजींच्या नावाच्या इमारतीसमोर कडूकवठ असायला हवं, हे मला तिथे उभ्याउभ्या सुचलं.

पेंग्विनच्या रांगेत मुलं उड्या मारत होती. त्यांना थंडगार काचेआड ते पक्षी बघून झालेला आनंद खराच होता. वाघाच्या जागी जुने गज गेलेत आणि काचेपलीकडे पाणी, खडक, झुडपं आहेत. आमच्या वेळच्या पिंजऱ्यातल्या वाघापेक्षा हा वाघ कितीतरी बऱ्या स्थितीत आहे. एवढं पाहून मी झाडांकडे वळले.

गोरखचिंच सापडायला वेळ लागला नाही. या दिवसांत तिला एकही पान नसतं. राखाडी, गुळगुळीत बुंधा, त्यावर बोटं रुतवल्यागत खळगे, आणि उघड्या फांद्यांना लांब देठांवर लोंबणारी मखमली फळं. आफ्रिकेतलं हे झाड व्यापाऱ्यांबरोबर कधीच आपल्याकडे आलं. मांडूला, विजापूरला त्याचे जुने वृक्ष आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याला मोठी पांढरी फुलं येतात, ती रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात आणि सकाळी ती खाली पडलेली असतात. बाग रात्री बंद, म्हणून उमललेलं फूल फार थोड्यांनी पाहिलंय. मी लहानपणी पडलेलं पाहिलं होतं, एखाद्या ओल्या रुमालाएवढं, आणि त्याचा आंबूस वास नाकात बसला होता.

गोरखचिंचेच्या पलीकडे, वाटेच्या डाव्या हाताला बाबांचा पर्जन्यवृक्ष होता. तो नाही. तिथे तामणाचं जेमतेम पंधरा फुटी झाड आहे. चुकत तर नाही ना म्हणून मी मागे येऊन पुन्हा चालत गेले. जागा तीच.

मुंबईतले पर्जन्यवृक्ष गेल्या दशकात फार मेले. पिठ्या ढेकूण लागला. ही कापसाच्या बोंडागत दिसणारी पांढरी कीड कोवळ्या फांद्यांना चिकटून रस शोषते, खालच्या पानांवर तिचा चिकट स्राव पडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि झाड पानं टाकतं. निरोगी झाड यातून एरवी सावरतं. रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्यापर्यंत फरशी नि काँक्रीट आणून भिडवलेलं असतं, मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. अशा झाडाला कीड पुरते. माझ्या धंद्यात हे रोज बघते, पिशवीत कोंडलेलं रोप किडीला पहिलं बळी पडतं. बाबांचं झाड कशाने गेलं ते मला सांगता येणार नाही. वादळात उन्मळलं असेल, वयाने गेलं असेल. पर्जन्यवृक्ष मूळचा दक्षिण अमेरिकेचा, भराभर वाढणारा. त्याची छत्री एवढी पसरते की एका झाडाखाली एक पाळी झोपावी. संध्याकाळी आणि आभाळ भरून आलं की तो पानं मिटतो. बाबा म्हणायचे, पानं मिटायला लागली की समजावं, कामावर जायची वेळ झाली.

तामणाखाली बसता येईल एवढी सावली अजून नाही. पण खड्डा मोठा घेतलाय, आळं नीट राखलंय, बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन आहे. ज्याने लावलं त्याला काम कळतं.

अशी झाडं इथे आज उभी आहेत यामागे काही नागरिकांची चिवट मेहनत आहे. 2007 मध्ये या बागेच्या पुनर्विकासाचा 400 कोटींहून अधिक खर्चाचा आराखडा पुढे आला. प्राणिसंग्रहालय परदेशी धर्तीवर करायचं तर झाडांचं काय, हा प्रश्न घेऊन मुंबईतल्या काही वनस्पतीप्रेमी बायका उभ्या राहिल्या. त्यांनी समिती केली, बाग वनस्पती-उद्यान म्हणून वाचवा असा आग्रह धरला, आणि नुसता आग्रह धरला नाही, झाडं मोजली. तीन हजारांवर झाडं आणि 286 जाती, अशी ती नोंद आहे. शेवटी वारसा समितीने तो आराखडा नाकारला. आंदोलनं आपल्याकडे पुष्कळ होतात. एकेका झाडापाशी उभं राहून त्याचं नाव-गाव लिहून घेणारं आंदोलन मला फार मोलाचं वाटतं. नाव लिहिलेलं झाड तोडायला हात धजत नाही.

उर्वशी फुलली होती.

मूळची ही म्यानमारची. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिक यांना 1827 च्या सुमाराला मार्ताबानजवळ एका जुन्या मठाच्या बागेत ती दिसली. लेडी अ‍ॅमहर्स्ट यांच्या नावावरून तिला अ‍ॅमहर्स्टिया नोबिलिस म्हणतात. रानात ती जवळपास सापडत नाही; जगभर आहे ती बागांमधूनच. फांदीच्या टोकापासून हातभर लांब झुबका खाली सुटतो. त्याला आडवे तांबडे देठ, प्रत्येक देठावर एक फूल. पाकळ्या लाल, टोकाशी पिवळा ठिपका, मधली पाकळी पंख्याच्या आकाराची आणि तिच्यावर पांढरट झाक. पुंकेसर लांब, वर वळलेले. मी खाली वाकून वर बघितलं तर उन्हात ते देठ आतून पेटल्यासारखे दिसत होते. कोवळी पानं तर फुलांपेक्षाही बघण्यासारखी: तांबूस, लुळी, गोंड्यासारखी लोंबणारी, हळूहळू हिरवी होत ताठ होतात.

तिच्या बुंध्याशी एक माळी पानं झाडत होता. साठीला आलेला, खाकी शर्ट. मी विचारलं, "काका, हिला शेंग धरते का कधी?"

"क्वचित. धरली तरी बी भरत नाही." त्याने झाडू टेकवला. "तुम्ही कॉलेजातून आलात?"

"नाही, रोपवाटिका आहे माझी. चिपळूणला."

त्याचा चेहराच बदलला. मला हाताने खूण करून त्याने झाडाच्या मागच्या बाजूला नेलं आणि एक खालची फांदी दाखवली. तिच्यावर बोटभर रुंदीचा सालीचा पट्टा काढल्याची खूण होती, कडा फुगून आलेल्या. "गुटी बांधली होती पहिल्या पावसात. मुळ्या आल्याच नाहीत. कडेला गाठी आल्या नि थांबलं."

मी फांदी हातात घेऊन बघितली. पट्टा बरोबर काढला होता, आतला हिरवट पापुद्राही खरवडला होता. फांदी मात्र जुनी, करड्या सालीची. "काका, एवढी पिकलेली फांदी नको. गेल्या वर्षीची, पेन्सिलीपेक्षा थोडी जाड घ्या. आणि शेवाळ फार ओलं होतं का?"

"पावसाचं पाणी शिरलं असेल पिशवीत."

"मग वरून दोन वेढे जास्त बांधायचे. मी सीता अशोकाला करते तेव्हा शेवाळात निम्मा काथ्याचा भुसा घालते, पाणी साचत नाही."

तो मन लावून ऐकत होता. मग म्हणाला, "सीता अशोकाचं ठीक आहे. ही मानी आहे, ताई." मी विचारलं, इथे माझ्या हाताने एक गुटी बांधू द्याल का. त्याने मान हलवली. बागेतल्या झाडाला बाहेरच्याने हात लावायचा नाही. तेही रास्तच. नाहीतर फुलाच्या दिवसांत प्रत्येकजण एकेक फांदी घेऊन जाईल. "पण अर्ज करा," तो म्हणाला. "साहेब झाडांतला माणूस आहे. रोपवाटिकावाल्या म्हणून सांगा, काय करायचं तेही लिहा."

मी त्याला कडूकवठाचं सांगितलं. संग्रहालयासमोर लावायला दहा रोपं मी गाडीने पाठवीन, पैसे नकोत, फक्त पाटीवर झाडाचं नाव मराठीत लिहा आणि भाऊ दाजींनी त्याचं तेल वापरलं होतं तेही लिहा. त्याला ते झाड माहीत होतं. तो सावंतवाडीकडचा निघाला. "खवटेल म्हणतो आम्ही. पाणी लागतं त्याला मात्र, पहिली दोन वर्षं. कारंज्याजवळ नको, मागच्या उतारावर चांगलं येईल." आम्ही उतार बघायला गेलो. जमीन हाताने उकरून बघितली, काळी होती, मुरमाड नव्हती. त्याने पावलांनी अंतर मोजलं, झाडा-झाडांत वीस फूट तरी हवं म्हणाला, म्हणजे दहा नव्हे, पाचच बसतील.

अर्ज त्या दिवशी देता आला नाही. साहेब बाहेर गेले होते. "उद्या बुधवार, बाग बंद," माळीकाका म्हणाले. "परवा सकाळी या. फाटकावर माझं नाव सांगा आणि गुटीचं कागदावर चित्र काढून आणा, म्हणजे साहेबांना लगेच कळेल."

मी डोंबिवलीच्या मावसबहिणीला फोन लावला, गुरुवारपर्यंत मुक्कामाला येते म्हणून, आणि येताना वाटेत काथ्याचा भुसा कुठे मिळेल तेही विचारून घेतलं.